कायद्यावर विसंबून राहू नका

इथं एकांनी लिहिलंय की आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, तेव्हा समाजमाध्यमावर फोटो टाकताना एवढं घाबरायचं कारण नाही. थोडं थांबा बाप्पा! २०२३ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की माणसानं स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. उदाहरणही दिलंय ते समाजमाध्यमावर स्वतःबद्दल लिहिणाऱ्या ब्लॉगरचं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. त्यात आपले नागपूरचे शरद बोबडेही होते. (याचा अभिमान मला आहेच.) पण "आठ दिवस काश्मीर, घराला कुलूप" असं स्टेटस टाकणाऱ्याला तो निकाल कुठवर वाचवणार?

मला जास्त खटकतं ते लेकरांचं. धरमपेठेत काय न मानेवाड्यात काय, जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस आला की गणवेशातला फोटो टाकायचाच. त्यात शाळेचा बिल्ला दिसतो, मागे अपार्टमेंटची पाटी, कधी व्हॅनचा नंबरही. वर आत्या-मावशा लाडाचं नाव लिहून मोकळ्या. अनोळखी माणसाला आणखी काय पाहिजे? त्या पोराला तर कोणी विचारलेलंच नसतं.

आणि हो, फोटो स्पष्ट दिसावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट करून पाठवता ना? कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठं काढला तेही त्यासोबत जातं. ते लोकेशन आधी बंद करा.