उत्तर: मेपलच्या टेबलावर चट्टे का?

प्रश्न असा: मेपलच्या टेबलाला अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा, अक्रोडाच्या छटेचा रंग) लावला आणि चट्टे पडले. विचारणाऱ्याने दुकानदाराला दोष दिलाय, पण हा स्वभाव मेपलचाच. लाकूड घट्ट, तरी शोषण सगळीकडे सारखं नाही. 180 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा. 1 लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅम मेण काढलेला चपडा (शुद्ध केलेली लाख) विरघळवून एक हात मारा, म्हणजे शोषण सारखं होईल; वाळल्यावर 320 चा पेपर हलकेच फिरवा, मग जेल स्टेन (घट्टसर, कमी मुरणारा). आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा.

दुसरं, ठाण्याचा पावसाळा. लाकडातला ओलावा 8 वरून 14 टक्क्यांवर गेला की वाढीची वर्तुळं पृष्ठभागाला समांतर असलेला 600 मिमी रुंद मेपलचा माथा (टेबलाची वरची फळी) साधारण 12 मिमी फुगतो, सागाच्या जवळपास दुप्पट. म्हणून माथ्याला सरकायला जागा राहील अशी खालच्या आडव्या पट्ट्यांतली स्क्रूंची भोकं लांबट पाडा, स्क्रू करकचून आवळू नका. नाहीतर चीर ठरलेली.