व्हॉल्व्ह बदलल्यावर रक्त का कमी होतंय?

दादा, हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलून पाच महिने झाले, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी तुमच्या आईचं हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकत नाही असं तुम्ही लिहिलंय. वर बहुतेकांनी बीट-खजूर सुचवलंय. मी एक विचारतो : सकाळची पहिली लघवी कोऱ्या चहासारखी होते का?

माझ्या आईची व्हायची. डोळेही पिवळसर. आमच्या औसा तालुक्यात सगळे कावीळ म्हणून मोकळे झाले, गळ्यात माळसुद्धा बांधली. निघालं भलतंच. मेटलच्या मायट्रल व्हॉल्व्हच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) कडेला, टाक्यांजवळ फट राहिली होती. तिथून रक्त जोरात उलटं फिरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. लोह लघवीवाटे जातं, मग नुसत्या गोळ्या किती पुरणार?

एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन तपासून घ्या, तांबड्या पेशी फुटतायत का ते या रक्ताच्या तपासण्यांत कळतं. छातीवरून करतात त्या साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मेटलच्या सावलीमुळं ही फट लपू शकते. घशातून नळी घालून करतात तो इको लातूरला किंवा संभाजीनगरला होतो का ते विचारा. ताप असेल तर आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी), कारण जंतुसंसर्ग असताना फट बुजवत नाहीत. आईची फट मांडीच्या शिरेतून प्लग (छोटं बूच) नेऊन बुजवली, छाती पुन्हा उघडावी लागली नाही. सगळ्यांचं तसं जमतंच असं नाही.

आणि रक्त कमी आहे म्हणून वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) मनानं बंद करू नका, व्हॉल्व्हवर गुठळी बसेल. मेथी खाऊ द्या, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच, कारण पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळं या गोळीचा असर कमी-जास्त होतो.