शब्दचर्चा : ‘अध्ययन अक्षमता’ घरच्यांना कसं सांगायचं?

प्रश्न

इंदूरला चौथीला शिकवते. शाळेचे कागद हिंदीत येतात, त्यात ‘अधिगम अक्षमता’ असतं. गेल्या आठवड्यात एका मराठी आईला मी ‘अध्ययन अक्षमता’ म्हणून सांगितलं. त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बाई, याला शिकताच येणार नाही का?” मुलगा चांगला हुशार आहे. राजवाडा कुणाचा विचारा, मल्हारराव ते अहिल्याबाई सगळं क्रमानं सांगतो. लिहायला बसला की ‘कमल’चं ‘मकल’ होतं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. आजी त्याला ‘मतिमंद’ म्हणायला लागल्यात, ते ऐकवत नाही. दुसरा शब्द आहे का?

उत्तर

बाई, शब्द बदलण्याआधी गळलेला शब्द परत जोडा : ‘विशिष्ट’. २०१६ च्या दिव्यांगजन कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता ‘विशिष्ट’ लावूनच आली आहे. १९९५ च्या कायद्यातल्या ७ प्रकारांत ती नव्हतीच. विशिष्ट म्हणजे तेवढ्यापुरती : वाचन, लेखन, शुद्धलेखन, गणित यांपुरती. बोलताना आपण त्याचं ‘विशेष’ करतो आणि अर्थ पार पसरतो. त्या २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता वेगळी मोजली जाते, म्हणून आजींचा शब्द या मुलाला लागूच होत नाही. आणि ज्या मुलांना तो लावत आलो, त्यांच्यासाठीही तो आता टाकून द्यावा असं मला मनापासून वाटतं. ‘गतिमंद’ही नको, त्यानं मूल मागे पडतं एवढंच कळतं, अडतं कुठे ते कळत नाही.

पहिल्या वेलांटीचं म्हणाल तर ती लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘किरण’ लिहिताना हात आणि कान उलटे चालतात. अशा मुलाला ते फार जड जातं. ओळीखाली पट्टी धरून वाचू द्या, उत्तरं तोंडी घ्या, फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका.

प्रश्नकर्ती

‘जड जातं’! हेच हवं होतं. “याला अक्षरं जड जातात,” असं आईंना सांगेन. कागदावरही तसंच लिहू?

उत्तर

कागदावर नको. तिथे ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ (हिंदी कागद असेल तर ‘विशिष्ट अधिगम अक्षमता’) पूर्ण लिहा, सवलती त्या नावावर मिळतात. लेखनिक मंजूर झाला तर केंद्राच्या नियमाप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास.

आणखी एक

‘लेखनिक’वरून आठवलं. आमच्याकडे हिंदी अर्जात नुसतं ‘लेखक’ असतं. माझ्या भाच्याच्या वेळी ताईला वाटलं, पेपर दुसराच कोणी रचणार, आणि ती सही करेना. मराठीत लेखक तो रचणारा, लेखनिक तो सांगितलेलं उतरवणारा. उत्तर मुलाचंच असतं, हे त्या ‘निक’मुळे कळतं. आईंना अर्ज देताना तेवढं आधी सांगा.