मदत हवी आहे: १९६७ कॉर्व्हेटच्या इंजिनावरचे ठसे कारखान्यातले की नंतर मारलेले?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो. १९६७ ची कॉर्व्हेट स्टिंग रे घ्यायच्या बेतात आहे: कन्व्हर्टिबल, ३२७ घनइंचाचं इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, चार गिअर. मालक ‘नंबर्स मॅचिंग’ (इंजिन मूळचंच, आकडे गाडीशी जुळणारे) म्हणतो आणि किंमतही त्याच हिशोबाने सांगतो. त्या वर्षी सगळ्या मिळून २२,९४० गाड्या निघाल्या, त्यामुळे गाडी दुर्मीळ आहे असं नाही. पण मला मूळ इंजिनाची हवी आहे, आणि ती आयुष्यात एकदाच घेणार आहे. गेले दोन शनिवार बॉनेटमध्ये डोकं घालून वाचता आलं ते वहीत उतरवलंय.

ग्लोव्हबॉक्सखालच्या ट्रिम टॅगप्रमाणे (बॉडीची माहिती असलेली पट्टी) बॉडी एप्रिल १९६७ च्या पहिल्या आठवड्यातली. (त्या टॅगवरचं महिन्याचं अक्षर मॉडेल वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात, जानेवारीपासून नाही. मी आधी तिथेच फसलो होतो.) इंजिनाच्या ब्लॉकचा (ओतीव सांगाड्याचा) कास्टिंग नंबर ३८९२६५७. ढलाईची तारीख ‘सी १५ ७’, म्हणजे १५ मार्च. वर्षाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ७ म्हणजे ६७ की ७७ ही शंका राहते, पण कास्टिंग नंबरमुळे ती मिटली. मन्सी गिअरबॉक्सवर ‘पी७सी१७’, १७ मार्च. अल्टरनेटरही मार्चचाच.

अडलंय दोन ठिकाणी.

पहिलं, होली कार्ब्युरेटर. लिस्ट नंबर (मॉडेलचा क्रमांक) बरोबर आहे, पण तारखेचा कोड ७५२. माझ्या समजुतीप्रमाणे ६७ सालचा मे, दुसरा आठवडा. गाडी एप्रिलची!

दुसरं जास्त छळतंय. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे जो स्टँप पॅड (ठसे मारायची सपाट जागा) असतो, त्यावर ‘व्ही०३२३एचई’ आहे: फ्लिंटचा इंजिन कारखाना, २३ मार्च, ३०० हॉर्सपॉवर मॅन्युअल. शेजारी गाडीचा अनुक्रमांकही जुळतो. ढलाईनंतर आठ दिवसांत इंजिन तयार, हेही पटण्यासारखं. पण पॅड ब्रेक क्लीनरने पुसून, टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहिलं तर इंजिनाच्या लांबीला समांतर बारीक रेषा दिसायला हव्यात, त्या नाहीत. त्याऐवजी अर्धवर्तुळाकार ओरखडे आहेत, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. आकड्यांच्या कडाही फार तीक्ष्ण वाटल्या.

इंजिनाच्या तारखा सगळ्या जुळत असताना एवढ्यावरून ठसा खोटा म्हणावा का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

कार्ब्युरेटरचा कोड तुम्ही बरोबर वाचलात. मे महिन्यातला कार्ब्युरेटर एप्रिलच्या गाडीत कारखान्यातून येऊच शकत नाही, तो नंतर बदललाय. पण कार्ब्युरेटर बदलणं नेहमीचंच. किंमत थोडी कमी करून घ्या आणि पुढे बघा. बाकीच्या सुट्या भागांनाही हाच नियम लावा. गाडीच्या तारखेआधी सहा महिन्यांपर्यंतचा भाग जजिंगमध्ये (गाडीचा मूळपणा तपासणाऱ्या परीक्षणात) चालतो, एक दिवस नंतरचा मात्र नाही.

प्रतिसाद २

पॅड कशाने पुसलात ते लिहिलंत म्हणून बरं वाटलं. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर कोणालाही लावू देऊ नका, मालकालाही नाही. उरलासुरला पुरावा तिथेच असतो.

तारखा जुळणं आणि ठसा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळातला, योग्य महिन्याचा ब्लॉक शोधून त्यावर हवे ते आकडे मारणारे लोक आहेत. म्हणून चुकीच्या तारखेने भाग बाद होतो, पण बरोबर तारखेने तो पास होत नाही.

आता ओरखड्यांबद्दल. ब्लॉकचा माथा आणि पॅड कारखान्यात एकाच सपाटीत ब्रोचिंग केलेले (दातेरी हत्याराने सरळ तासलेले) असतात, तुम्ही म्हणता त्या लांब रेषा त्याच्याच. वर्तुळाकार खुणा गोल फिरणाऱ्या मिलिंग कटरच्या. एकदा हे तपासा: हेडच्या कडेला लागून नख फिरवा. इंजिन न उघडता फक्त पॅड घासला असेल तर हत्यार हेडच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही आणि तिथे बारीक पायरी राहते. पायरी नसेल आणि ओरखडे थेट हेडखाली जात असतील, तर इंजिन कधीतरी उघडून माथा मिलिंग केलाय. त्यात मूळ ठसा बहुतेक वेळा जातो, म्हणजे आत्ताचा बहुधा नंतरचा.

आणखी एक. इंजिनचा कोड फ्लिंटला मारायचे, गाडीचा अनुक्रमांक गाडी जोडली जायची तिथे, सेंट लुइसला. दोन गावं, दोन वेगळे ठसे. दोन्ही ओळींतले ३ शेजारी ठेवून फोटो काढा.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद, आज पुन्हा जाऊन आलो. पायरी नाही. नख सरळ हेडला जाऊन टेकतं आणि ओरखडे गॅस्केटखाली शिरताना दिसतात. दोन्ही ओळींतला ३ हुबेहूब सारखा आहे, वरच्या टोकाची बारीकशी चीरसुद्धा दोन्हींत तीच.

मालकाला शांतपणे विचारलं. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला की त्याच्या आधीच्या मालकाने इंजिन रिबिल्ड करून घेतलं होतं, त्याचं बिल घरात कुठेतरी असेल. माणूस लबाड वाटला नाही, त्यालाही तसंच सांगून विकलेली असावी.

इंजिनावरची झाकणं काढून हेडवरची ढलाईची तारीख वाचू द्यायला तो तयार आहे. ‘मॅचिंग’चे पैसे मात्र देणार नाही, हे त्याला सांगून आलोय. ६७ च्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याचा कागद चिकटवलेला सापडतो. शनिवारी टाकी उतरवायची परवानगी मिळाली आहे. तो कागद निघाला तर निदान गाडी ३०० हॉर्सपॉवर आणि चार गिअरचीच होती का, एवढं तरी कळेल. टाकी उतरवताना कागद फाटू नये म्हणून काय काळजी घ्यावी? कोणी स्वतः काढला असेल तर शनिवारच्या आत सांगा.