अर्धांगवायूनंतर घरी आणल्यावर चांगले पुनर्वसन कशाला म्हणावे?

खानापूरची सून
मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटल्याने माझ्या सासऱ्यांना गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. आता त्यांना बेळगावच्या रुग्णालयातून घरी आणले आहे. उजवा हात जवळजवळ हलत नाही, आधार दिल्यास पाय उचलतात, आणि आमचे बोलणे समजत असले तरी त्यांना शब्द सापडत नाहीत. आमचे गाव खानापूरच्या पश्चिमेला जंगलपट्ट्यात असल्यामुळे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येऊ शकतात. शेजारी तेल चोळणाऱ्याला बोलवा म्हणतात, तर नातेवाईक सहा महिन्यांत सुधारेल तेवढेच असे सांगून धीर खचवतात. उपचार योग्य चालले आहेत हे कशावरून ओळखावे?

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी
ताई, मधल्या दिवसांत तुमचे सासरे काय करतात, यावरून मी उपचारांची पारख करते. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. त्याचे काम उरलेले भाग हळूहळू अंगावर घेतात, आणि त्यासाठी तीच हालचाल रोजच्या खऱ्या कामातून पुन्हा पुन्हा करावी लागते. खाटेवरून उठून बसणे, चौकट धरून उंबरा ओलांडणे, डाव्या हाताचा आधार देऊन उजव्या हाताने तांब्या धरू पाहणे, हाच व्यायाम. कोणती हालचाल किती वेळा करायची हे थेरपिस्टने लिहून द्यावे आणि पुढच्या भेटीत जमलेले पाहून ती थोडी अवघड करावी. रुग्णाला आडवे ठेवून नुसते हातपाय हलवून दिल्याने सांधे मोकळे राहतात, पण त्यापलीकडे फारसे साधत नाही.

दुबळा हात ओढून त्यांना कधीही उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल असल्याने सांधा निसटतो आणि मग त्या दुखण्यामुळे रुग्ण व्यायामच नाकारतो. छताला कप्पी बांधून हात वर खेचणेही याच कारणासाठी टाळावे. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, मात्र त्याने ताकद येत नाही, आणि जोरात चोळणे तर नकोच. सहा महिन्यांची भीतीही अर्धीच खरी आहे: पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही.

मात्र घरच्यांनीच सगळे करावे, असा याचा अर्थ घेऊ नका. भारतातील 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कुटुंबीयांना शिकवून घरी व्यायाम करून घेतल्याने सहा महिन्यांनंतरचे परावलंबन नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाले नाही.

निपाणीकर
वाचेकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून एवढेच लिहितो. सीमाभागात स्पीच थेरपिस्ट कन्नड बोलणारे आणि रुग्ण मराठी, असे सहज घडते. सासरे घरात मराठी बोलत असतील तर सराव मराठीतच व्हावा, शब्दांच्या चित्रांची यादी घरच्यांनी त्यांना करून द्यावी. बाजारात ते कन्नड वापरत असतील तर तीही तपासायला सांगावी, कारण दोन्ही भाषा सारख्याच परततील असे नसते. वाक्य लहान ठेवा, हो-नाही अशी उत्तरे चालतील असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. त्यांच्या वतीने वाक्य पुरे करण्याची आपली घाई त्यांचा सरावच हिरावून घेते. एरवी शब्द न फुटणाऱ्या माणसाला पाठ असलेला अभंग किंवा वारांची नावे ओळीने म्हणता येतात, असे बरेचदा दिसते. माझ्या वडिलांच्या बाबतीतही हेच झाले.

निवृत्त परिचारिका, चिकोडी
पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज घोगरा होतो का, हे आधी पाहा. तसे असल्यास डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी होईपर्यंत घरच्या घरी पातळ पदार्थ देत राहू नका. जेवताना त्यांना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवा. सासरे गप्प राहून रडत असतील, झोपत नसतील, तर त्याला हट्टीपणा समजू नका; झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी थांबवणे हे मी सर्वांत जास्त पाहिले आहे. तोंड नव्याने वाकडे झाले, डावा हातही लुळा पडला किंवा बोलणे अचानक आणखी बिघडले, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेव्हा रात्री-अपरात्री बेळगावला न्यायला कोणाची गाडी मिळेल, हे आजच ठरवून त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.