अकाली जन्मांच्या नोंदींमध्ये सर्वप्रथम काय सुधारावे?

प्रश्न: २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मूळ नोंदीच अपुऱ्या असतील, तर कोणत्या उपायाने हे प्रमाण घटले, हे ठरवायचे कसे?

प्रतिसाद १: सुरुवात गर्भाच्या वयापासून करावी. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना नेमकी आठवत नाही, आणि आठवली तरी पाळी अनियमित असल्यास हिशेब दोन आठवड्यांनीही चुकू शकतो. ३६ आणि ३८ आठवड्यांत अंतर तेवढेच आहे. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी अधिक भरवशाची, परंतु वय कोणत्या पद्धतीने ठरवले, हेही नोंदवहीत लिहिले पाहिजे.

प्रतिसाद २: सोनोग्राफी नसेल तिथे वजनावर भागवले जाते, हे मला अधिक धोक्याचे वाटते. २,५०० ग्रॅमपेक्षा हलके बाळ पूर्ण दिवसांचे, पण गर्भात वाढ खुंटलेले असू शकते. त्यातच वजने सोयीने पूर्णांकात लिहिली जातात, त्यामुळे नेमक्या २,५०० वर नोंदींची गर्दी दिसते.

प्रतिसाद ३: वरील दोन्ही मुद्दे मान्य. तरीही कळा आपोआप सुरू झाल्या, की आईच्या वाढलेल्या रक्तदाबासारख्या कारणाने डॉक्टरांनीच प्रसूती लवकर केली, हे वेगळे नोंदवल्याखेरीज प्रतिबंधाची चर्चा अधांतरीच राहील, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत. मृतजन्म वगळण्याची पद्धतही देशागणिक बदलते. तुलना करण्यापूर्वी ते तपासावे.