दिवसाची कामं एआयला विचारून लावावीत का? तुमचं मत सांगा

शिरोलीतली प्लॅनर
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. पाच सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं. गेले चार महिने रोज सकाळी केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी फोनवरच्या एआय असिस्टंटला मराठीत बोलून दिवसभराची कामं सांगते. डोक्यात येतील तशी. हाउसिंगचे तीनशे नग आज जायचेत, फाउंड्रीला फोन करायचाय, दुपारी कस्टमरचं ऑडिट आहे, ओव्हरटाइमचा हिशोब राहिलाय, टूलचे इन्सर्ट, म्हणजे कापणारी टोकं, मागवायचेत. शिरोली फाट्याला उतरेपर्यंत यादी लावून मिळते. आधी काय, कशापायी काय अडेल, कुठलं काम दुसऱ्याकडे सोपवता येईल, सगळं.

पूर्वी जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी व्हायचं. खरं सांगते, त्यात गप्प बसणाऱ्या चांगल्या कस्टमरवर अन्याय व्हायचा आणि मला रात्री झोप लागायची नाही. गेल्या महिन्यात इन्सर्ट मी सगळ्यात शेवटी सांगितले होते. त्यानं ते पहिल्या नंबरावर आणले, कारण दुसऱ्या पाळीला इन्सर्ट नसतील तर ते तीनशे नग होणारच नाहीत. मला हे कळत नव्हतं असं नाही, पण त्या सकाळी डोक्यात ऑडिटच होतं. ज्याला दिवसभर दहा जणांना उत्तरं द्यावी लागतात, त्या प्रत्येकानं हे वापरावं असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर जरूर लिहा.

उद्यमनगरचा जुना टर्नर
ताई, तुमच्या कामाचं कौतुक हाय, पण मला हे पटत नाही. तेहतीस वर्षं लेथवर उभा आहे, त्यातली अठरा स्वतःच्या शॉपमध्ये. सकाळी आलं की आधी शॉपमधनं एक फेरी मारायची, मग काम वाटायचं, ही आमची रीत.

परवाचंच सांगतो. मोठ्या लेथवर शाफ्ट चढवायचा होता. पोरगं आलं ते गप्पच. चहा दिला, विचारलं, तर रात्रभर आईला घेऊन दवाखान्यात बसलेलं. मी शाफ्ट दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि त्याला साधं फेसिंगचं काम दिलं. झोप नसलेल्या माणसाच्या हातात मायक्रॉनचं काम द्यायचं नसतं, शाफ्ट भंगारात जातो आणि पोराचं मनही मोडतं.

दुसरं. हंगामात गुऱ्हाळवाला येतो, चरकाचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची नळी, गेला म्हणून. बिल होणार आठशे रुपये. त्याच वेळी कंपनीचा लाखाचा लॉट मशीनवर असतो. मी लॉट थांबवतो. तिकडं काहिलीत, म्हणजे गुळाच्या कढईत, रस पडलाय, तोडलेला ऊस वाळतोय, गुळव्या आणि त्याची माणसं बसून आहेत. पिळलेला रस कुणासाठी थांबत नाही. रकमेवर आणि तारखेवर यादी लावली तर हा माणूस तळाला जाणार. काम आधी कुणाचं, हे ठरवणं म्हणजे कुणाला शब्द द्यायचा ते ठरवणं. ते मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही.

राजारामपुरीतला अकाउंटंट
मी वापरतो, आणि तरीही काकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. आमचं सगळं काम तारखांवर चालतं: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची रिटर्न). एकदा असिस्टंटनं तिमाही रिटर्न भरणाऱ्या क्लायंटलाही ३बीची २० तारीख लावली. महाराष्ट्रात अशा क्यूआरएमपीवाल्यांना, म्हणजे तिमाही रिटर्नच्या योजनेतल्यांना, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याची २२ असते. चूक अलीकडच्या बाजूची होती म्हणून निभावलं. तीच पलीकडे झाली असती तर क्लायंटला दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि वर १८ टक्क्यांनी व्याज. सांगताना त्याचा सूर मात्र तितकाच खात्रीचा होता. तेव्हापासून तारखा आमच्या कॅलेंडरमधून मीच देतो, तो फक्त क्रम लावतो.

मानसशास्त्र शिकवणारी
एक मुद्दा सुटतोय. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी असतो. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नाव दिलं, प्लॅनिंग फॅलसी. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवस निघाला, लागले ५५ च्या वर. आता आपण ‘ऑडिटची तयारी, एक तास’ असं सांगितलं की असिस्टंट तो एक तास खरा धरून पुढचा सगळा दिवस त्यावर रचतो. यादी सुबक दिसते, म्हणून आपला तिच्यावर जास्तच विश्वास बसतो. प्लॅनरताई, मागच्या वेळी त्याच कामाला खरोखर किती वेळ लागला होता, हे लिहून ठेवा आणि तो आकडा त्याला द्या.

गोकुळ शिरगावचा क्वालिटीवाला
कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर, रेट, यातलं काहीही फोनवर बोलू नका. आपण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. पार्ट ए, पार्ट बी म्हणा.

शिरोलीतली प्लॅनर
हे आजपासून बंद. नावं मी घेत होते, चुकलंच.

काका, तुमचं गुऱ्हाळ मनातून जाईना, म्हणून काल दोनदा विचारून बघितलं. आधी फक्त ‘चरकाचा बुश, आठशे रुपये’ एवढंच सांगितलं. त्यानं ते संध्याकाळवर टाकलं. मग काहिलीत रस आहे, माणसं बसून आहेत, हेही सांगितलं, तर तेच काम पहिलं आलं आणि लॉट किती वाजता पुन्हा सुरू करता येईल तेही सांगितलं. म्हणजे त्याला माणुसकी शिकवायची गरज नाही, माहिती पूर्ण द्यायची गरज आहे. आणि मी कबूल करते, रोज सकाळी फेरी मारून काम वाटण्याइतका वेळ तुमच्या शॉपमध्ये असेल, माझ्याकडे दोन शेड आणि तेवीस माणसं आहेत.

उद्यमनगरचा जुना टर्नर
मग रस आंबतो हे त्याला सांगायचं, हे कुणाला सुचलं? तुम्हाला, तेही मी लिहिल्यावर. उद्या तुमच्या जागी नवं पोर बसलं, ज्यानं कधी गुऱ्हाळ बघितलं नाही, शॉपमध्ये पाय टाकला नाही, तर ते काय सांगणार? आठशे रुपयेच सांगणार. आणि यादी बरोबरच वाटणार, कारण चुकलेलं दिसायलाही नजर लागते. माझी भीती तुमच्याबद्दल नाही ताई. तुम्ही कामातनं वर आलाय. माझी भीती तुमच्यामागनं येणाऱ्यांची आहे.

शिरोलीतली प्लॅनर
याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे डिप्लोमा झालेली एक ट्रेनी मुलगी आहे, ती पहिल्या दिवसापासून माझ्यासारखीच फोनवर यादी करते. सोमवारपासून तिनं आधी दोन्ही शेडमधून फेरी मारायची, वहीत हातानं क्रम लावायचा, मगच असिस्टंटला विचारायचं. दोन्हीत फरक कुठे पडला ते संध्याकाळी आम्ही दोघी बसून बघू. असं तीन महिने.

उद्यमनगरचा जुना टर्नर
तीन न्हाई, सहा. एक अख्खा हंगाम बघू दे तिला. दिवाळीनंतर पाठवा माझ्याकडं, गुऱ्हाळावर मी नेतो.